सबॅटिकल रजेचा अर्ज : सात वर्षे नेमकी कोठून मोजायची?

कन्ना चौक या टोपणनावाने लिहिणाऱ्या सभासदाचा प्रश्न (उत्तरे देणाऱ्यांचीही टोपणनावेच आहेत)

नमस्कार. मी सोलापुरातील एका अनुदानित महाविद्यालयात इतिहास शिकवते. जून २००४ मध्ये अधिव्याख्याता म्हणून रुजू झाले, २०११ ते २०१३ या काळात एफआयपीखाली, म्हणजे शिक्षकांना संशोधनासाठी रजा देणाऱ्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजनेखाली, रजा घेऊन पीएच.डी. पूर्ण केली आणि पुढे कॅस या पदोन्नती योजनेतून सहयोगी प्राध्यापक झाले. या पदाचा आदेश माझ्या हाती २०२१ मध्ये पडला, मात्र त्यात स्थाननिश्चितीचा, म्हणजे पदोन्नती लागू होण्याचा, दिनांक जुलै २०१८ असा नमूद आहे.

तेलंगणातून सोलापुरात आलेली विणकर कुटुंबे आणि १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाल्यानंतर शहरात उभे राहिलेले गिरणी कामगारांचे जग यांच्यातील नात्यावर मला काम करायचे आहे. गेली काही वर्षे मी उन्हाळी आणि दिवाळीच्या सुट्ट्यांत रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात दोन-तीन दिवस बसते, पण हवे ते दप्तर हाती येईपर्यंत परतीचा दिवस उजाडलेला असतो. अशा तुकड्यातुकड्यांच्या कामातून लेख होतात, पुस्तक होत नाही. म्हणून येत्या जूनपासून एका वर्षाच्या सबॅटिकल रजेसाठी, म्हणजे अभ्यास-संशोधनासाठी मिळणाऱ्या पगारी रजेसाठी, अर्ज करावा, असे मनात आहे.

अडचण अशी की, ही रजा फक्त विद्यापीठाच्या विभागांतील प्राध्यापकांना मिळते, महाविद्यालयातील शिक्षकांना नाही, असे मला तोंडी सांगण्यात आले. शिवाय या रजेला सात वर्षांची अट आहे. एक सहकारी म्हणतात की एकवीस वर्षांची सेवा झाली, म्हणजे पात्रता केव्हाच पूर्ण झाली. दुसरे म्हणतात की आदेश २०२१ चा आहे, तेव्हा २०२८ पर्यंत थांबावे लागेल. एफआयपीची रजा घेतलेल्यांना सबॅटिकल मिळतच नाही, असेही कानावर आले आहे. यातले खरे काय, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.

सात रस्ता

मॅडम, तोंडी सांगितलेले तूर्त बाजूला ठेवा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे १८ जुलै २०१८ चे विनियम उघडून त्यातील रजांचा भाग वाचा. सबॅटिकलच्या कलमात विद्यापीठांतील आणि महाविद्यालयांतील कायम, पूर्णवेळ शिक्षक असा स्पष्ट उल्लेख आहे. महाराष्ट्रात सातव्या वेतन आयोगाबरोबर हे विनियम लागू करणारा शासन निर्णय ८ मार्च २०१९ चा आहे. अर्जाला दोन्हींची संबंधित पाने जोडावीत, म्हणजे पहिल्याच टेबलावर होणारा वाद टळतो.

सात वर्षांची अट एकूण सेवेची नाही. सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक या पदावर सात वर्षे पूर्ण व्हावी लागतात. एकवीस वर्षांचा हिशेब सांगणारे आपले सहकारी येथे चुकतात, आणि ही चूक फार जण करतात. वेतनाच्या बाराव्या स्तरावर असलेले, म्हणजे पदाने अजून सहायक प्राध्यापकच असलेले शिक्षकही केवळ सेवा दीर्घ झाली म्हणून अर्ज करतात आणि तो परत आला की मन खट्टू करून घेतात. आपल्या बाबतीत मात्र आदेश कधी निघाला यापेक्षा पदोन्नती कोणत्या दिनांकापासून दिली, याला महत्त्व आहे. किमान कालावधी पूर्ण होताच अर्ज केलेला शिक्षक मूल्यमापनात यशस्वी ठरला, तर त्याची पदोन्नती तो कालावधी पूर्ण झाल्याच्या दिनांकापासूनच धरली जाते, असे विनियमच म्हणतात. आदेशात जुलै २०१८ असेल, तर माझ्या मते आपली सात वर्षे जुलै २०२५ मध्येच भरली आहेत.

एफआयपीचे म्हणाल, तर अडसर कायमचा नाही. अभ्यासरजेवरून किंवा एक वर्ष वा त्याहून अधिक काळाच्या प्रशिक्षणावरून परतल्यानंतर पाच वर्षे सबॅटिकल घेता येत नाही, एवढीच अट आहे. आपण २०१३ मध्ये परतलात, तेव्हा तो प्रश्न केव्हाच मिटला.

ही रजा एका वेळी एक वर्षापेक्षा अधिक आणि सबंध सेवेत दोन वर्षांपेक्षा अधिक मिळत नाही. या काळात पूर्ण वेतन व भत्ते मिळतात, वेतनवाढ देय दिनांकास मिळते आणि रजा संपताच पुन्हा रुजू झाल्यास हा काळ निवृत्तिवेतनासाठी सेवा म्हणून धरला जातो. दुसरीकडे नियमित नोकरी करता येत नाही. अधिछात्रवृत्ती किंवा मानधनावरील तात्पुरते अध्यापन-संशोधन चालते, पण तसे काही स्वीकारल्यास रजा कमी वेतनावर मंजूर करण्याचा अधिकार मंजुरी देणाऱ्यांना आहे. त्यामुळे असा प्रस्ताव हाती असेल, तर तो अर्जातच नमूद करावा. मागाहून कळले की संशय वाढतो.

रेल्वे लाइन्स

मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात अधीक्षक होतो, आता निवृत्त आहे. वरील उत्तर बरोबर आहे, फक्त त्यात टेबलाच्या अलीकडची बाजू राहिली, ती मी सांगतो.

सर्वप्रथम आपले सेवापुस्तक मागवून पाहावे. आदेशात जुलै २०१८ असणे आणि सेवापुस्तकात तशी नोंद होऊन वेतननिश्चितीची पडताळणी झालेली असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंद राहून गेली असेल, तर अर्जाच्या आधी ती करून घ्यावी, कारण प्रस्तावावर पहिली शंका तेथेच निघते आणि एकदा शंका काढून परत आलेला कागद पुन्हा वर चढायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ घेतो. एफआयपीवरून परतल्यावर रुजू झाल्याचा अहवाल आणि पीएच.डी.ची अधिसूचना यांच्या प्रतीही लावाव्यात. रजेवर जाताना परत येऊन सेवा करण्याचे जे बंधपत्र दिले असेल, त्याची मुदत पूर्ण झाल्याचे प्राचार्यांच्या सहीचे एक ओळीचे पत्र मिळाले, तर उत्तमच.

अर्ज विभागप्रमुखांच्या शिफारशीने प्राचार्यांकडे आणि तेथून संस्थेकडे जातो. आपले महाविद्यालय अनुदानित असल्याने वेतन शासनाकडून येते, तेव्हा सोलापूरच्या उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाला अंधारात ठेवून केलेली मंजुरी वेतनदेयकाच्या वेळी हमखास अडते. जूनमध्ये रजा हवी असेल, तर मार्चमध्ये अर्ज देणे म्हणजे उशीर झाला असे समजावे, कारण तेव्हा सारे कार्यालय परीक्षेच्या आणि आर्थिक वर्षअखेरीच्या कामात असते. जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा संपण्याच्या आत अर्ज आवक नोंदवहीत चढलेला असावा, असे मी शिक्षकांना सांगत असे. आवक क्रमांक आणि दिनांकाचा शिक्का असलेली प्रत आपल्याजवळ ठेवावी. "सरांना देऊन ठेवला आहे" या वाक्याला कार्यालयात काही किंमत नसते.

जुळे सोलापूरकर

मी नियमांविषयी बोलणार नाही. माझ्या विभागातील एक सहकारी अशा रजेवर गेले, तेव्हा मागे राहिलेल्या दोघांपैकी मी एक होतो. त्यांचा कार्यभार तासिका तत्त्वावरील शिक्षकाकडे देण्याचे ठरले होते, परंतु नेमणूक होईपर्यंत पहिले सत्र निम्मे सरले आणि तोवर त्यांचे तास आम्हीच घेतले. रजेला माझा विरोध नव्हता, आजही नाही. मात्र आपल्या विषयपत्रिका कोणी शिकवायच्या, अंतर्गत मूल्यमापन कोणाकडे, नॅकचे (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाचे) काम कोणाकडे, हे त्यांनी जाण्यापूर्वी आमच्याशी बसून ठरवले असते, तर कटुता आली नसती. आपण अर्जासोबत कार्यभाराच्या व्यवस्थेचे एक पान जोडावे आणि ते लिहिण्यापूर्वी सहकाऱ्यांशी बोलावे. प्राचार्यांचा पहिला प्रश्न बहुधा तोच असेल.

दुसरे, अर्जाबरोबर रजेच्या काळातील कामाचा आराखडा मंजुरीसाठी द्यावा लागतो आणि परतल्यावर त्याचाच अहवाल द्यावा लागतो. आपला विषय मोठा आहे. विणकर कुटुंबे निजामाच्या राज्यातून आली असतील, तर हैदराबादला तारनाक्याच्या पुराभिलेखागारातही जावे लागेल आणि तेथील जुनी कागदपत्रे बरीचशी फारसी-उर्दूत आहेत. आपल्याला या भाषा, किंवा निदान तेलुगू, वाचता येते का? येत नसेल, तर एका वर्षात मुंबई, हैदराबाद आणि सोलापूरच्या पूर्व भागातील विणकर वस्तीत घरोघरच्या मुलाखती असे सर्व लिहून देणे म्हणजे परतल्यावर स्वतःच्याच अहवालापुढे मान खाली घालण्याची तयारी करणे होय.

कन्ना चौक

सर्वांचे मनापासून आभार. सेवापुस्तक काल पाहिले. जुलै २०१८ ची नोंद आहे, मात्र तिच्यापुढे पडताळणीचा शिक्का नाही. तो मिळवण्यासाठी आजच पत्र दिले.

जुळे सोलापूरकर यांचा भाषेविषयीचा प्रश्न मला बोचला, कारण तो खरा आहे. माहेरी तेलुगू बोलत असल्याने मुलाखतींत अडचण येणार नाही, वाचनही सावकाश का होईना जमते. उर्दू आणि फारसी मात्र अजिबात येत नाही. म्हणून हैदराबाद वगळून पहिले सहा महिने मुंबईतील दप्तरे, पुढचे तीन महिने मुलाखती आणि अखेरचे तीन महिने लेखन, असा आराखडा आता केला आहे. विभागातील सहकाऱ्यांशी शनिवारी बोलणार आहे. एकच शंका उरली : माझ्याकडे दोन विद्यार्थी पीएच.डी. करत आहेत, त्यांचे काय करावे?

सात रस्ता

त्यांचे मार्गदर्शन आपण रजेच्या काळातही चालू ठेवणार आहात, हे अर्जात लिहून द्यावे आणि महिन्यातून एकदा भेटीचा दिवस ठरवून घ्यावा. मुलाखतींचे तीन महिने आपण सोलापुरातच असाल, तेव्हा ज्याचा प्रबंध सादर होण्याच्या जवळ आला आहे त्याचे प्रकरणवाचन त्या काळात ठेवता येईल. आणि आराखड्यातील पहिले सहा महिने लिहिताना कोणत्या खात्याची, कोणत्या वर्षांची दप्तरे पाहणार, तेही लिहावे. आजवर सुट्ट्यांत केलेल्या टिपणांमुळे ते आपल्याला सहज लिहिता येईल.