आपल्याच क्लायंटशी बोलणारा वेबसॉकेट सर्व्हर क्रोमशी बोलत नाही. टेस्ट कशा लावाव्यात?

निळीवाट (प्रश्न)
नोड २० मधलं ‘नेट’ मॉड्यूल वापरून वेबसॉकेटचा (एकच कनेक्शन उघडं ठेवून दोन्हीकडून मेसेज पाठवायची पद्धत) सर्व्हर आणि क्लायंट एकाच छोट्या मॉड्यूलमध्ये लिहिले आहेत. बाहेरची लायब्ररी नाही. फ्रेम (मेसेजचं पाकीट: छोटं हेडर आणि मजकूर) बांधणारं आणि उलगडणारं फंक्शन दोन्ही बाजूंना तेच आहे. टेस्टमध्ये सर्व्हर उभा करून आपलाच क्लायंट जोडला, इंग्रजी मेसेज पाठवला, की जसाच्या तसा परत येतो. पण

१. क्रोममधून जोडलं तर १०१ (वेबसॉकेट सुरू झाल्याचं उत्तर) मिळतो आणि सर्व्हरने पहिला मेसेज पाठवताच कनेक्शन १००६ देऊन तुटतं.
२. ‘नमस्कार’ पाठवला तर ‘नम’ येतं, पुढे प्रश्नचिन्हाचा चौकोन. त्यानंतर दर वेळी वेगळी एरर: कधी अनोळखी ऑपकोड (फ्रेमचा प्रकार सांगणारा आकडा), कधी नुसतंच थांबून राहतं.
३. सगळ्या टेस्ट पास होऊनही प्रोसेस संपत नाही.

तिसरी_मात्रा
पहिल्या दोन्हींचं मूळ त्या सामाईक फंक्शनात आहे. क्लायंटकडून जाणारी प्रत्येक फ्रेम ४ बाइटच्या मास्कने (मजकुरात मिसळायची, दर वेळी नवी किल्ली) झाकलेली हवी, आणि सर्व्हरकडून जाणारी एकही झाकलेली नको. तुमचा सर्व्हरही मास्क लावतोय. तुमचा क्लायंट ते निमूट उलगडतो, क्रोम नियमाप्रमाणे कनेक्शन तोडतो. १००६ हा कोड तारेवरून कधीच येत नाही. क्लोज फ्रेम न येताच कनेक्शन गेलं, एवढंच ब्राउझर त्यातून सांगतो. खरं कारण डेव्हलपर टूल्सच्या कन्सोलमध्ये लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. फंक्शनाला ‘मास्क हवा की नको’ हा पॅरामीटर द्या. उलट बाजूही पक्की करा: मास्क नसलेली फ्रेम क्लायंटकडून आली तर सर्व्हरने १००२ (नियम मोडल्याचा कोड) देऊन बंद करायचं.

आता ‘नमस्कार’. न, म, स, हलन्त, क, काना, र: स्ट्रिंगची लांबी ७, पण यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी ३, म्हणजे २१ बाइट. तुम्ही हेडरमध्ये ७ लिहिताय. समोरचा ७ बाइट वाचतो (दोन अक्षरं आणि ‘स’चा पहिला बाइट) आणि उरलेले १४ बाइट त्याला नवी फ्रेम वाटते. मास्क दर वेळी नवा, म्हणून कचराही दर वेळी नवा आणि एररही नवी. लांबी बफरवरून (प्रत्यक्ष बाइटवरून) मोजा, स्ट्रिंगवरून कधीच नाही. १२५ बाइटची सीमा देवनागरीत फार लवकर येते: ४१ चिन्हं म्हणजे १२३ बाइट, ४२ झाली की १२६ आणि लांबीसाठी पुढचे २ बाइट लागतात. म्हणून ४१ आणि ४२ चिन्हांची एकेक टेस्ट हवीच. शिवाय १२५, १२६, ६५५३५ आणि ६५५३६ बाइट.

घाटवळण
वरच्या उत्तरात एक भर. टीसीपीमध्ये एक ‘डेटा’ इव्हेंट म्हणजे एक फ्रेम नव्हे. लोकलहोस्टवर बहुतेक वेळा तसं दिसतं आणि तिथेच फसगत होते. येईल ते बफरला जोडत जा. पूर्ण फ्रेम जमली तेवढीच उचला, उरलेलं ठेवा. हँडशेकच्या (जोडणीच्या सुरुवातीच्या एचटीटीपी देवाणघेवाणीच्या) रिकाम्या ओळीनंतरचे बाइटही टाकून देऊ नका. सर्व्हरने १०१ पाठोपाठ मेसेज पाठवला तर तो त्याच तुकड्यात येऊ शकतो. ‘पहिला मेसेज कधीकधी हरवतो’ म्हणतात तो बहुधा हाच.

टेस्ट सोपी आहे: उलगडणाऱ्या फंक्शनाला तीच फ्रेम एकदा अख्खी द्या, एकदा एकेक बाइट करून, एकदा दोन फ्रेम चिकटवून. तिन्हीचं उत्तर एकच यायला हवं. फ्रॅगमेंटेशनसाठी (एक मेसेज अनेक फ्रेममध्ये तोडणं) ‘नमस्कार’चे २१ बाइट १० आणि ११ असे तोडून दोन फ्रेममध्ये पाठवा. काप बरोबर हलन्ताच्या पहिल्या बाइटनंतर पडतो. प्रत्येक तुकडा वेगळा डीकोड करत असाल तर इथे उघडं पडेल.

तिसरी अडचण: सर्व्हर ‘क्लोज’ केला की नवी कनेक्शनं थांबतात, चालू असलेली नाहीत. सगळे सॉकेट एका सेटमध्ये ठेवा आणि टेस्ट संपताना ‘डिस्ट्रॉय’ करा. पिंगचा (कनेक्शन जिवंत आहे का हे पाहणाऱ्या फ्रेमचा) इंटरव्हल टायमर असेल तर तोही थांबवा. पोर्ट ठरावीक नको. ० द्या (सिस्टिम मोकळा पोर्ट निवडते) आणि ऐकायला लागल्यावर खरा नंबर विचारून घ्या. क्लायंटला ‘लोकलहोस्ट’ ऐवजी १२७.०.०.१ द्या, कारण नोड १७ पासून ‘लोकलहोस्ट’ आधी आयपीव्ही६ कडे जाऊ शकतं.

निळीवाट
मास्क काढला, लांबी बफरवरून घेतली. क्रोम आणि मराठी दोन्ही चालू. एकेक बाइटची टेस्ट मात्र पडली, बफर जोडतच नव्हतो. ते झाल्यावर आणखी कशावर तपासावं?

तिसरी_मात्रा
आधी वेबसॉकेटचं अधिकृत मानक, आरएफसी ६४५५, त्यातले नमुने. विभाग १.३ मधली हँडशेकची की आणि तिचं अपेक्षित उत्तर टेस्टमध्ये जसंच्या तसं टाका. विभाग ५.७ मध्ये ‘हेलो’च्या तयार फ्रेम आहेत: मास्कशिवाय ७ बाइट, मास्कसह ११. हे आकडे तुमच्या कोडमधून आलेले नाहीत, म्हणून त्यांच्यावर भरवसा ठेवता येतो.

मग ऑटोबान टेस्टसूट, म्हणजे वेबसॉकेटच्या तयार टेस्टचा संच. तो पायथन २ चा आहे, त्यामुळे डॉकर इमेजच (सगळं आत भरलेलं तयार पॅकेज) घ्या. सर्व्हर तपासायला ‘फझिंगक्लायंट’ मोड, क्लायंट तपासायला ‘फझिंगसर्व्हर’. सर्व्हरने आलेला मेसेज त्याच प्रकारात परत पाठवायचा: टेक्स्टला टेक्स्ट, बायनरीला बायनरी. डॉकरमधून जोडायचं तर सर्व्हर ०.०.०.० वर ऐकत हवा, नाहीतर एकही केस सुरू होणार नाही. कॉम्प्रेशन लिहिलेलं नसेल तर १२ आणि १३ हे गट वगळा. ९ वा गट मोठ्या मेसेजचा, वेळ खातो. रोजच्या रनमधून काढा, रिलीजआधी चालवा. तुमच्यासाठी ६ वा गट, यूटीएफ-८ चा, सगळ्यात महत्त्वाचा. ६.४ मध्ये ‘नॉन-स्ट्रिक्ट’ आलं तर चालेल: चुकीचा बाइट तुम्ही पकडलात, फक्त मेसेज पूर्ण झाल्यावर. ‘फेल्ड’ मात्र एकही सोडू नका.