घरातील सुतारकामात लहान मुलांना सामील करून घेतल्यास ती नेमके काय शिकतात?

प्रश्न

आम्ही दोघे सुट्टीच्या दिवशी घरीच पुस्तकांचे एक कपाट आणि अंगणात ठेवण्यासाठी लाकडी बाक तयार करत आहोत. मुलगी पाच वर्षांची आणि मुलगा तीन वर्षांचा आहे. काम सुरू झाले की दोघेही खेळ टाकून आमच्याभोवती घोटाळतात आणि "मी करू का?" असे सारखे विचारतात. त्यांना सोबत घेतले की वेळ जास्त लागतो, पण त्यांना बाजूला बसवणेही मनाला पटत नाही. या वयात मुले अशा कामातून खरोखर काही शिकतात, की केवळ त्यांचे मन रमते? आणि त्यांच्याकडे कोणते काम सोपवावे?

पहिले उत्तर

निश्चित शिकतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त शिकतात ते मोजमापाबद्दल. अंक म्हणता येणे वेगळे आणि टेपचे टोक फळीच्या कडेला नीट टेकवून, टेपला झोळ पडू न देता लांबी घेणे वेगळे. फळी अर्धा सेंटिमीटर जास्त लांब राहिली तर ती चौकटीत बसत नाही. ही चूक आपल्याला दाखवावी लागत नाही, ती लाकूडच दाखवते.

मुलीला कपाटाची चौकट तपासायला द्या. समोरासमोरच्या बाजू सारख्या असतील आणि दोन्ही कर्णही सारखे भरले, तर चारही कोपरे काटकोनात असतात. तिला काटकोन हा शब्द माहीत असण्याची गरज नाही. एका कर्णावर दोरी ताणून तिच्यावर खूण करावी आणि तीच दोरी दुसऱ्या कर्णावर धरावी. जो कर्ण लांब भरेल त्याची दोन टोके तुम्ही आत दाबलीत की खुणा जुळत आल्याचे तिला स्वतःला दिसेल. मागची फळी ठोकण्यापूर्वी चौकट हाताने हलवून पाहायला सांगा आणि ठोकल्यानंतर पुन्हा सांगा. आधी डुलणारी चौकट का घट्ट झाली, हा प्रश्न तीच विचारेल.

मुलाला स्क्रू लांबीनुसार वेगळे करणे आणि पाणसळीतला (सपाटी तपासण्याच्या पट्टीतला) बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये आला का ते सांगणे, एवढे पुरे.

दुसरे उत्तर

वरील मताशी मी सहमत आहे, मात्र एक भर घालतो. लाकूड चूक दाखवते खरे, पण आपण ती चूक मुलांना दिसू दिली तरच. पुष्कळ मोठी माणसे मुलाचे काम त्याच्यामागे गुपचूप नव्याने करतात आणि मुलाला ते कळते.

डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी 1976 मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला दिला होता. तीन वर्षांच्या मुलांना कामाकडे वळवणे आणि करून दाखवणे आवश्यक ठरले, चार वर्षांच्या मुलांना चूक सुधारण्यासाठी शब्दांची मदत पुरली, तर पाच वर्षांच्या मुलांना बहुधा आपले बरोबर आहे ना, एवढेच विचारायचे होते. आपल्या दोन्ही मुलांना एकाच पद्धतीने शिकवू नये, ते यासाठीच.

मदतीबद्दल खाऊ किंवा खेळणे देण्याचेही टाळावे. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांना 2006 मध्ये असे आढळले की अठरा महिन्यांची मुलेही अनोळखी माणसाला आपणहून मदत करतात; पुढे 2008 मध्ये त्यांनी वीस महिन्यांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात, मदतीबद्दल वस्तू मिळालेली मुले नंतर कमी मदत करू लागली.

तिसरे उत्तर

विजेची करवत चालू असताना दोन्ही मुले त्या जागेत नसावीत, याला अपवाद करू नका. जुने रंगवलेले लाकूड वापरणार असाल तर ते मुलांना घासायला मुळीच देऊ नका, कारण जुन्या रंगात शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांना विशेष घातक ठरते. बाकाचे पाय सिमेंटमध्ये रोवणार असाल तर ओल्या सिमेंटलाही त्यांचा हात लागू देऊ नये. त्याने त्वचा भाजते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. एक शंका उरते. मुलीने बाकाच्या फळीच्या टोकाशी ठोकलेला खिळा वाकला आणि लाकडाला बारीक चीर गेली. तो तसाच ठेवावा का?

पहिल्या उत्तरदात्याचे उत्तर

बाकावर माणसे बसणार, म्हणून तो सांधा पक्काच हवा. पण खिळा तिच्याच हाताने काढू द्या. हातोडीच्या डोक्याखाली लाकडाचा पातळ तुकडा ठेवला की फळीवर खळगा पडत नाही आणि खिळा कमी जोरात निघतो. चीर गेलेली जागा सोडून, टोकापासून थोडे आत, खिळ्यापेक्षा किंचित बारीक भोक तुम्ही आधी पाडून द्या आणि नवा खिळा तिला ठोकू द्या. उरलेल्या एखाद्या तुकड्यावर भोक न पाडता एक खिळा ठोकून दाखवलात, तर चीर कशामुळे गेली तेही तिला कळेल.