'माणूस तोच, व्यक्ती वेगळी' हे मराठीत चालेल का?

तापीकाठ
अमळनेरच्या वाचनगटासाठी इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकच्या मानवी आकलनावरच्या निबंधातलं एक प्रकरण मराठीत आणायचं आहे. 1694 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने ते नव्याने घातलं. त्यात 'मॅन' आणि 'पर्सन' हे शब्द तो कटाक्षाने वेगळे ठेवतो. मॅन म्हणजे एकच जीवन सलग चालू असलेला देह. पर्सन म्हणजे निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या ठिकाणी 'तोच मी' असं स्वतःला ओळखणारा. राजपुत्राची जाणीव आठवणींसकट जोडे शिवणाऱ्याच्या देहात शिरली, तर पर्सन राजपुत्राची. मॅन मात्र लोकांच्या लेखी जोडे शिवणाराच.

खर्ड्यात माणूस/व्यक्ती अशी जोडी लावली, आणि दोन ठिकाणी अडलं. एक, व्यक्ती स्त्रीलिंगी. 'त्या व्यक्तीला राजपुत्राची कृत्यं आठवतात म्हणून ती जबाबदार, पण दिसायला तो जोडे शिवणाराच' या वाक्यात ती आणि तो दोन निराळे जण वाटतात. दुसरं, 'ही तीच व्यक्ती' म्हटलं की मराठी वाचकाला चेहरेपट्टीच आठवते, म्हणजे देह. लॉकला नेमकं उलटं सांगायचंय. दुसरा शब्द सुचवा.

यास्कप्रेमी
पुरुष घ्या. निरुक्तात, म्हणजे यास्काच्या शब्दव्युत्पत्तीच्या ग्रंथात, 'पुरि शयः' अशी फोड आहे: पुरात, म्हणजे देहात, निजलेला. देह वेगळा, आत राहणारा वेगळा. तुमचं काम झालं.

तापीकाठ
नाही होत. सांख्य दर्शनातला पुरुष साक्षी आहे, कर्ता नाही, करणारी प्रकृती. लॉक तर पर्सन हा न्यायनिवाड्याचा शब्द म्हणतो: कृत्य कोणाच्या नावावर मांडायचं, शिक्षा कोणाला द्यायची. न करणाऱ्याच्या नावावर कृत्य कसं मांडणार? शिवाय आजच्या मराठीत पुरुष म्हणजे बाई नव्हे तो, हे कुणालाच विसरता येत नाही.

यास्कप्रेमी
व्याकरणात कुठे अडतं? बाईनेही 'मी' म्हटलं की प्रथमपुरुषच.

शाळामास्तर
तिथेही जपून. मराठी व्याकरणात प्रथमपुरुष म्हणजे मी. संस्कृतात प्रथमपुरुष म्हणजे तो आणि मी म्हणजे उत्तमपुरुष. आठवी-नववीची मुलं दोन्ही विषय शिकताना इथेच घसरतात. उद्या कुणी पुद्गल सुचवेल, त्याचंही तसंच: बौद्धांकडे तो व्यक्तीच्या अर्थाने येतो, जैनांकडे जडद्रव्य. जळगावात हा शब्द वापरलात तर अर्धे वाचक नेमका उलटा अर्थ घेतील.

सातबारा
व्यक्ती सोडू नका. वि + अञ्ज्, उघड होणे. जातीच्या, म्हणजे सबंध वर्गाच्या, विरुद्ध जे एकेकटं समोर दिसतं ते. न्यायदर्शनाच्या सूत्रांत व्यक्ती, आकृती, जाती हे त्रिकूट आहेच. आणि जबाबदारीचा अर्थ कायद्याने त्यात केव्हाच भरलाय. संविधानाच्या मराठी पाठात अनुच्छेद 14 आणि 21 'व्यक्ती'ला संरक्षण देतात, 19 'नागरिकां'ना. 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाप्रमाणे कंपनीही व्यक्तीत मोडते. देवस्थानच्या सातबाऱ्यावर मालक म्हणून देवाचं नाव असतं, कारण मूर्ती कायद्याने व्यक्ती आहे. तिथे माणूस लिहून बघा.

मुखवटा
मूळ लॅटिन पर्सोना म्हणजे नटाचा मुखवटा. ज्यातून आवाज घुमतो तो, पेर + सोनारे.

शाळामास्तर
व्युत्पत्ती गोड आहे, पण 'पर्सोना'तला ओ दीर्घ, 'सोनारे'तला ऱ्हस्व. म्हणून बरेच अभ्यासक ती मानत नाहीत आणि प्राचीन इटलीतल्या इट्रस्कन भाषेतल्या 'फेर्सु'कडे बोट दाखवतात.

गिरणाथडी
तुमची जोडीच उलटी लागलीय. आपल्याकडे देहाचा शब्द माणूस नाहीच. 'माणसात आला', 'माणसातून उठला', 'माणुसकी' पाहा. देह तोच राहतो, माणूसपण येतं नि जातं. दारूने शुद्ध हरपलेल्याबद्दल 'तो माणसात नव्हता' म्हणतात. लॉकच्या त्याच प्रकरणात दारुड्याचं उदाहरण आहे: शुद्धीत नसताना केलेल्याबद्दल शिक्षा का? त्याचं उत्तर असं की जाणीव नव्हती हे न्यायालयात सिद्ध करता येत नाही, म्हणून. तेव्हा मॅनला 'देहधारी', पर्सनला 'माणूस'. व्यक्ती हा खानेसुमारीचा शब्द आहे, त्यात ऊब नाही. बहिणाबाईंनी माणसालाच 'कधी व्हशीन मानूस' असं विचारलं. व्यक्तीला हा प्रश्न विचारता येतो का? अहिराणीने हा भेद कधीच केलाय.

सातबारा
पण ते माणूसपण चारचौघं देतात नि काढून घेतात. लॉकचा पर्सन स्वतःच्या जाणिवेने ठरतो, गावाच्या मताने नव्हे. हा फरक बुजवला तर प्रकरणाचा कणाच मोडतो.

आसोदा-भादली
एक दुरुस्ती. बहिणाबाईंची ती बोली अहिराणी नव्हे, लेवा गणबोली, म्हणजे खान्देशातलीच दुसरी बोली. त्याच कवितेत 'मानसाचा' आहे. अहिराणीत षष्ठी ना-नी-नं, म्हणजे 'मानूसना' आलं असतं. ण चा न दोन्हीकडे होतो, म्हणून गल्लत होते. खान्देशातलं सगळं अहिराणीच्या खात्यावर टाकू नका.

गिरणाथडी
बोली कोणतीही म्हणा, भेद तोच. शेजारी बोली एकमेकींचं घेतातच.

आसोदा-भादली
घेतात, पण प्रत्यय सहसा घेत नाहीत. म्हणून तर तो पुरावा.

कापूसवेचणी
माणूस सगळ्यांना सामावतो हेही तपासा. शेतात हजेरी लिहिताना 'चार माणसं, सहा बाया' असं लिहितात. तिथे माणूस म्हणजे गडी, आणि मजुरीही त्याच हिशेबाने वेगळी. लॉकच्या भाषांतरात माणूस घातलात तर ही हजेरीवहीही सोबत येते.

शाळामास्तर
आणि तरी 'बाईमाणूस' आहेच. व्याकरणही बघा: 'तो माणूस आला', पण 'ती माणसं आली'. एकवचन पुल्लिंगी, अनेकवचन नपुंसकलिंगी. 'ते माणूस' असं नपुंसकी एकवचन कुठल्या गावांत अजून चालतं? असेल तर ती-तोचा घोळ तिथेच सुटतो.

आसोदा-भादली
नपुंसकलिंग धरायचं तर बोलीनिहाय वेगळं तपासावं लागेल. अहिराणीसाठी साक्री-शिरपूरकडच्यांनी लिहा, लेवासाठी यावल-रावेरकडच्यांनी. एकाच रकान्यात नको.