मदत हवी आहे : शिशुवर्गाच्या झाडावर पाने टिकत नाहीत

कागदी होडी
परवा शिशुवर्गात मुलांकडून झाड करून घ्यायचे आहे आणि आतापर्यंतचे माझे दोन्ही प्रयत्न फसले आहेत. खोड आणि फांद्या मी कागदावर काढून दिल्या होत्या, मुलांनी फक्त पाने चिकटवायची होती. परंतु दुसऱ्या दिवशी वर्ग उघडला तेव्हा निम्मी पाने जमिनीवर पडलेली होती आणि उरलेल्यांच्या कडा वळून वर आल्या होत्या. गोंद चांगल्या प्रतीचा आहे, त्यामुळे तो बदलण्याचा सल्ला कृपया देऊ नये. सोपे, लवकर होणारे आणि भिंतीवर निदान दोन आठवडे राहील असे काहीतरी सुचवावे.

टाचणी
मुले किती, वय काय आणि वेळ किती, हे कळल्याशिवाय काय सुचवणार? शिवाय पाने खरी होती की कागदाची, हे आपण लिहिलेलेच नाही.

हिरवा हात
पाने चिकटवण्याच्या भानगडीत पडूच नका. मुलाच्या तळहाताला पोस्टर रंग लावून कागदावर ठसा उमटवावा. मनगटाचा भाग म्हणजे खोड, पाच बोटे म्हणजे फांद्या, आणि बोटांच्या टोकांनी हिरवे ठिपके दिले की झाड तयार होते. मी अनेक वर्षे हेच करून घेत आहे आणि पालकांना ते फार आवडते.

सावकाश
पालकांना आवडते, कारण ते पालकांसाठीच केलेले असते. रंग शिक्षिका लावते, हात शिक्षिका दाबते, मग त्यात मुलाने काय केले? त्यापेक्षा हिरवा कागद हाताने फाडू द्यावा. कागद चिमटीत धरून फाडण्यात या वयाच्या बोटांना खरा व्यायाम मिळतो, कात्री लागत नाही, आणि फाटलेली वेडीवाकडी कड पानासारखीच दिसते. खोडासाठी तपकिरी कागद चुरगळून पिळावा आणि वरचे टोक फाडून त्याच्या चार-पाच फांद्या कराव्यात.

हिरवा हात
बोटांनी ठिपके मुलेच देतात, हे मी वर लिहिले आहे. वाचले असते तर बरे झाले असते.

निळाई
या निमित्ताने पाने पिवळी का पडतात हेही मुलांना सांगता येईल. हरितद्रव्य विघटित होऊ लागले की पानात आधीपासून असलेला पिवळा रंग दिसू लागतो. निळा आणि पिवळा रंग मुलांकडूनच मिसळून हिरवा करून घेतला, तर तेही त्यांच्या लक्षात राहील.

कागदी होडी
निळाई, माहिती चांगली आहे, परंतु माझा प्रश्न पाने पडण्याचा आहे, पिकण्याचा नव्हे. पाने अर्थातच खरी होती, त्याच दिवशी सकाळी तोडून आणलेली. मुले १६ आहेत, वय तीन ते चार वर्षे, मोठी माणसे आम्ही दोघी आणि वेळ अर्धा तास.

टाचणी
हे "अर्थातच" पहिल्याच वेळी लिहिले असते तर निम्मा धागा वाचला असता. दोष गोंदाचा नाही, ताज्या पानांचा आहे. तोडलेले पान सुकताना आकसते आणि वळते, त्यामुळे गोंदावरून उचकटते. शिवाय पुष्कळ पानांचा पृष्ठभाग मेणचट असतो, त्यावर पाण्यात कालवलेला गोंद नीट धरत नाही. पाने चिकटवायचीच असतील तर ती वर्तमानपत्राच्या घड्यांत घालून, वर जड पुस्तके ठेवून साधारण आठवडाभर दाबावी लागतात आणि सुरुवातीला ओलसर झालेले कागद बदलावे लागतात. आपल्याकडे तेवढे दिवस नाहीत, म्हणून पानांचे ठसे घ्यावेत. पान शिरांची बाजू वर करून टेबलावर ठेवावे, त्यावर पातळ कागद पसरून त्याची चारही टोके चिकटपट्टीने पक्की करावीत आणि मेणखडूचे वेष्टन काढून तो आडवा घासावा. येथे ताजे पानच उपयोगी पडते, कारण सुकलेले पान दाबाखाली चुरते. नंतर तो कागद पानाच्या आकाराभोवती फाडून झाडावर चिकटवला, की सावकाश यांचेही समाधान होईल.

सावकाश
समाधान झाले. एक मात्र सांगावेसे वाटते : पाने कोणत्या झाडाची आहेत हे ओळखूनच आणावीत. कण्हेर दिसायला सुंदर असली तरी विषारी आहे आणि या वयात हातातली वस्तू तोंडात जायला वेळ लागत नाही. फळे म्हणून मणी किंवा बटणेही देऊ नयेत, ती घशात अडकू शकतात; कागदाचे सुपारीहून मोठे बोळे पुरेत.

हिरवा हात
फांद्यांसाठी पातळ रंगाचा थेंब नळीने फुंकून पसरवता येतो, तेही सुंदर दिसते. फक्त नळीला मध्यावर टाचणीने एक भोक पाडावे, म्हणजे मुलाने चुकून ओढले तरी रंग सहसा तोंडापर्यंत पोहोचत नाही.

कागदी होडी
आज उपक्रम झाला. मुलांचे आठ-आठचे दोन गट केले. एक गट ठसे घेत होता, तेव्हा दुसरा कागद पिळत होता. नळी मी टाळली, कारण १६ जणांच्या फुंकण्यावर लक्ष ठेवायला आम्ही दोघी पुरलो नसतो. खडू आडवा धरा असे सांगून कोणीही ऐकले नाही, प्रत्येकाने तो पेन्सिलीसारखा उभाच धरला आणि दोन कागद फाटले. शेवटी खडूंचे बोटाच्या एका पेराएवढे तुकडे केले, तेव्हा ते आपोआप आडवे घासले जाऊ लागले. पाने पक्की बसली आहेत. पिळलेल्या कागदाचे खोड मात्र उलगडू पाहते आणि तीन ठिकाणी सुटले आहे. तेथे गोंदाचा आणखी एक थर द्यावा की दोऱ्याने टाके घालावेत?

टाचणी
दोरा. खोडाच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याला भोके पाडून मागे गाठ मारावी. गोंदावरचा आपला विश्वास मात्र वाखाणण्यासारखा आहे.