शिल्लक निधी: लॅपटॉप की कॉटचं भाडं?

नमस्कार मंडळी,
गणेशोत्सवाचा हिशेब जुळला, थोडी रक्कम उरली आहे. गावाकडच्या गरजू मुलांना जुने लॅपटॉप पाठवावेत अशी सूचना आलीय. बैठक रविवारी आहे, त्याआधी मतं कळवा.
अनघा (खजिनदार), स्टुटगार्ट

*

अनघाताई, लॅपटॉप नकोत. मी स्वतः आयटीआयचा फिटर. सुरुवातीला हातात फक्त कानस आणि लोखंडाचा तुकडा. घासायचं, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावायचा, उजेडाकडे धरायचं. फटीतून उजेड दिसला की सर मुकाट्याने तुकडा परत देणार. या शिक्षणाला लॅपटॉप लागत नाही, आणि सरकारी आयटीआयची फीही फार नसते.

पोरं अडकतात ती पास झाल्यावर. अप्रेंटिसशिप लागते चाकणला नाहीतर रांजणगावला, आणि घर पाथर्डीला. २०१९च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरवलं. ते हातात पडेपर्यंत महिना उलटतो; कॉट बेसिसचं (खोलीत एका खाटेपुरती भाड्याची जागा) डिपॉझिट, डबा, सेफ्टी शूज मात्र पहिल्याच आठवड्यात. घरून कुणी देणारं नसेल तर पोरगं परत गावी येतं आणि कुणाच्या तरी दुकानात बसतं. आपण ते पहिले दोन-तीन महिने उचलू.
दिलीप

*

दिलीपदादा, मुलांना इकडेच का आणू नये? २०२४मध्ये महाराष्ट्राचा आपल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार झालाय ना?
मेधा

*

मेधा, झालाय. पण आउसबिल्डुंगसाठी (इथलं कंपनीतलं व्यवसाय-प्रशिक्षण) साधारण बी-१ पातळीचं जर्मन यावं लागतं, म्हणजे कित्येक महिने क्लास, आणि तेवढा वेळ पोराची कमाई बंद. थेट नोकरीवर यायचं तर आयटीआयचं प्रमाणपत्र बहुतेक ट्रेडना न्युर्नबर्गच्या आयएचके फोसाकडून (परदेशी प्रमाणपत्रं जर्मन पात्रतेशी ताडून पाहणारं कार्यालय) तपासून घ्यावं लागतं. एजंट यातलं काहीच सांगत नाहीत, फी तेवढी घेतात. आधी हातात दोन वर्षांचा अनुभव येऊ दे, मग बघू.
दिलीप

*

दादांचं पटलं, पण एक अडचण. आपलं मंडळ जर्मनीत नोंदलेलं, म्हणजे आपले पैसे परकीय देणगी. ते एफसीआरए (परकीय देणग्यांचा भारतातला कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच देता येतात, आणि जमा होतात दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात. २०२०च्या दुरुस्तीनंतर ती संस्था ते पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, म्हणून मुलांशी स्वतः काम करणारीच संस्था हवी.

ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे मात्र परकीय देणगीत धरत नाहीत. जर्मन पासपोर्टवाल्यांचे धरतात. (म्हणजे आमच्या घरात अशी नोंदणी नसलेल्या संस्थेला मी देऊ शकते, नवरा नाही.)

दिलीपदादा, चाकण-रांजणगावकडे अशी संस्था माहीत असेल तर रविवारच्या आत कळवा. नोंदणीची मुदत संपलेली नाही ना, तेवढं आधी विचारून घ्या.
अनघा