जुन्या फोररनरला ट्रेलर ब्रेक कंट्रोलर बसवायचा आहे, वायरिंगसाठी मदत हवी

रानवाट_०२

मंडळी नमस्कार,

मी कॅलिफोर्नियात, बे एरियात राहतो. गाडी २००२ ची टोयोटा फोररनर, ३.४ लिटर व्ही६. मागे जोडायला नुकताच एक जुना कॅम्पर, म्हणजे आत राहायची सोय असलेला ट्रेलर, घेतलाय. फायबरग्लासचा, एका ॲक्सलचा, पाटीवर कमाल वजन ३५०० पाऊंड, म्हणजे साधारण १५९० किलो. गाडी ५००० पाऊंड ओढू शकते, तेव्हा ओढायची काळजी नाही. काळजी आहे ती थांबायची.

कॅम्परच्या दोन्ही चाकांना १० इंची इलेक्ट्रिक ड्रम ब्रेक आहेत, पण ते चालवायला गाडीत कंट्रोलरच नाही. मागे फक्त चार पिनांचा चपटा प्लग आहे. म्हणजे ट्रेलरचे दिवे लागतात, ब्रेक असून नसल्यासारखे. हिच (ट्रेलर अडकवायचा आकडा) बसवणाऱ्या एका दुकानात विचारलं तर म्हणाले, एवढ्याशा ट्रेलरला कंट्रोलर कशाला, जरा सावकाश चालवा. मला हे अजिबात पटलं नाही. कॅलिफोर्नियात १५०० पाऊंड किंवा त्याहून जास्त वजनाच्या कॅम्परला निदान दोन चाकांना ब्रेक लागतातच. आणि कायदा बाजूला ठेवला तरी फोररनरचं स्वतःचं वजन चार हजार पाऊंडांच्या आसपास. योसेमिटीहून १२० नंबरच्या रस्त्याने परत येताना प्रीस्ट ग्रेडचा उतार लागतो. जुन्या प्रीस्ट ग्रेडने ट्रेलर घेऊन कोणी जाऊच नये, पण नवा रस्ताही वळणावळणाचा आणि लांबलचक उताराचा आहे. तिथे जवळजवळ गाडीइतकंच वजन मागून रेटत असताना सगळा भार गाडीच्या ब्रेकवर टाकायचा, तोही मागच्या सीटवर मुलं आणि आई-बाबा असताना, याला माझी तयारी नाही.

आतापर्यंत वाचून एवढं समजलंय: कंट्रोलर दोन जातींचे. एक, पेडल दाबल्यावर ठरावीक वेळाने ठरवलेला जोर देणारे. दुसरे, गाडी किती जोरात थांबतेय ते आतल्या सेन्सरने ओळखून तेवढ्याच प्रमाणात ट्रेलरचे ब्रेक लावणारे. मला दुसऱ्या जातीचाच हवा आहे. टेकोन्शा कंपनीचा प्रॉडिजी पी२ घ्यायचा विचार आहे. त्याला चार तारा येतात: काळी बॅटरीच्या प्लसला, पांढरी अर्थला, लाल पेडलजवळच्या स्टॉपलाइट स्विचला आणि निळी मागे ट्रेलरच्या ब्रेककडे.

अडलंय ते असं:

१. नव्या गाड्यांत डॅशबोर्डखाली कंट्रोलरसाठी तयार प्लग असतो. माझ्या गाडीत शोधूनही सापडला नाही. काळ्या तारेचा करंट आतल्या फ्यूजबॉक्समधून घेतला तर चालेल, की थेट बॅटरीपासूनच तार आणायची?

२. लाल तार पेडलपाशी जोडण्याऐवजी मागे ट्रेलरच्या दिव्यांच्या वायरिंगमधून घेतली तर? पेडलच्या वर हात घालायला जागा फारच कमी आहे.

३. हे सगळं टाळून ब्लूटूथवाला कंट्रोलर लावावा का? तो म्हणे मागच्या प्लगमध्ये खोचला की झालं.

वायरिंगचं काम करायची सवय आहे, मल्टिमीटर आहे, घाई नाही. ज्यांनी जुन्या गाडीत हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

---

तारयंत्री

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथेच बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. ब्लूटूथवाला असो की ट्रेलरवर बसणारा वायरलेस, त्याला चालायला १२ व्होल्ट लागतात आणि ते सात पिनांच्या प्लगमधूनच मिळतात. चार पिनांच्या प्लगमध्ये टेललाइट, डावं, उजवं आणि अर्थ एवढंच असतं. तेव्हा बॅटरीपासून मागेपर्यंत जाड तार तुम्हाला ओढावीच लागणार. ती ओढलीत की अर्धं काम तिथेच झालं. मग कंट्रोलर आत डॅशबोर्डखाली, हाताशी असलेलाच बरा. ट्रेलर डुलायला लागला तर त्याचा हाताने दाबायचा खटका डोळे रस्त्यावर ठेवून सापडायला हवा. फोनवर चाचपडत बसायची ती वेळ नव्हे.

करंट थेट बॅटरीवरूनच घ्या. १० इंची दोन ब्रेक पूर्ण जोरात मिळून साडेसात अँपिअरच्या आसपास खातात. आकडा मोठा नाही, पण आतल्या एखाद्या फ्यूजवर आधीच दुसरं काहीतरी चालू असतं आणि तो उडाला की ऐन उतारावर ट्रेलरचे ब्रेक गेले. बॅटरीजवळ २० अँपिअरचा आपोआप पुन्हा जोडला जाणारा सर्किट ब्रेकर बसवा. त्याचा तांब्याच्या रंगाचा खिळा बॅटरीकडे, चंदेरी खिळा कंट्रोलरकडे. कंट्रोलरची पांढरी तार जवळच्या कुठल्याही स्क्रूला नको, थेट बॅटरीच्या मायनसला न्या. जुन्या गाडीत गंजलेला अर्थ फार छळतो. काळी, पांढरी, निळी, तिन्ही तारा १० किंवा १२ गेजच्या घ्या. फायरवॉलमध्ये, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यात, नवीन भोक पाडू नका. आधीच्या वायरिंगचं जे रबरी बूच आहे त्याच्याच कडेने तार सरकवा.

कंट्रोलर बसवताना स्टिअरिंगखाली पिवळ्या वेष्टनातल्या तारा दिसल्या तर त्या एअरबॅगच्या. त्यांच्याजवळ ड्रिल नको आणि मीटरही नको. कंट्रोलर गाडीच्या चालीच्या दिशेला सरळ हवा, कारण वेग किती झपाट्याने कमी होतोय ते आतला सेन्सर त्या दिशेनेच मोजतो. वर-खाली किती कललाय याला पी२ मध्ये महत्त्व नाही.

---

गॅरेजातला_नाना

तारयंत्रींशी पूर्ण सहमत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो.

लाल तार मागून घ्यायची नाही. अमेरिकेतल्या ट्रेलरला ब्रेकचा दिवा आणि वळायचा दिवा एकाच तारेवर असतात, डावीकडचे पिवळ्या, उजवीकडचे हिरव्या. तुमच्या फोररनरला मागे वळायचे दिवे वेगळे, नारिंगी आहेत, म्हणून मधे कन्व्हर्टरची डबी असते आणि ती दोन्ही सिग्नल एकत्र करते. त्या डबीच्या पुढून लाल तार घेतली तर तुम्ही डावीकडे वळायचा दिवा लावला की कंट्रोलरला वाटणार ब्रेक दाबला.

पेडलपाशीच जोडा, पण रंग बघून नको. स्विचला चार तारा असतील तर त्यातल्या दोन क्रूझ कंट्रोलच्या. मीटरची काळी सुई चांगल्या अर्थला लावा आणि एकेक तार तपासा. पेडल मोकळं असताना शून्य आणि दाबल्यावर १२ व्होल्ट, ती तुमची तार. कायम १२ दाखवणारी फ्यूजकडून येते, ती नको. पेडल दाबल्यावर उलट व्होल्टेज जाणारी क्रूझची, तीही नको. खात्रीसाठी इंजिन बंद ठेवून पेडल दाबा-सोडा करत मागचे दिवे आणि मीटर दोन्हीकडे एकदम बघा, घरातलं कुणी मदतीला घ्या. जोड पक्का करा. तार न कापता वरून चिमटा मारायचे ते निळे क्लिप मला आवडत नाहीत, ते काही वर्षांनी ढिले पडतात. थोडंसं वेष्टन सोलून सोल्डरचा डाग द्या आणि वर टेप घट्ट गुंडाळा.

एबीएसची भीती बाळगू नका. लाल तार फक्त पेडल दाबलंय एवढं ऐकते, गाडीच्या ब्रेक ऑइलशी तिचा काही संबंध नाही.

---

मेलबर्नकर

एक छोटी सूचना. यूट्यूबवर आमच्या ऑस्ट्रेलियातले व्हिडिओ बघून तारांचे रंग जुळवू नका. इथे ब्रेकच्या दिव्याला स्वतंत्र लाल तार असते, तुमच्याकडे ती पद्धत नाही. तार काय काम करते ते मीटरने ठरवा. इथे ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत, त्यामुळे "लागतो का" हा प्रश्नच कुणी विचारत नाही. तुम्ही दुकानदाराचं ऐकलं नाहीत हे उत्तम केलंत.

---

ऊसवाट

मी कोल्हापूर जिल्ह्यातला, ट्रेलरचे कॅम्पर आमच्याकडे नाहीत. पण गळीत हंगामात ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या घाट उतरताना रोज बघतो. ट्रॉलीला ब्रेक नसला की मागचं वजन पुढच्याला रेटतं, वळणावर ट्रॉली आडवी येते आणि मग ट्रॅक्टरवाल्याच्या हातात काही उरत नाही. खर्च करा दादा, पण हे काम नक्की करा.

---

रानवाट_०२

सगळ्यांचे मनापासून आभार. नानांनी सांगितलं तसंच निघालं, स्विचला चार तारा होत्या आणि मीटरने योग्य ती लगेच सापडली. बॅटरीपासून ब्रेकर, तिथून काळी तार, पांढरी मायनसला, निळी आणि चार्जची तार (मागच्या प्लगला १२ व्होल्ट देणारी) चॅसीच्या कडेने मागेपर्यंत, आणि चार पिनांवरून सात पिनांवर नेणारा किट. सगळं बसवलं.

आता नवी अडचण. कंट्रोलर सुरू होतो, पण कॅम्पर जोडून पेडल दाबलं की पडद्यावर "एन.सी." येतं, म्हणजे ट्रेलर जोडलेलाच नाही असं तो समजतो. दिवे मात्र सगळे व्यवस्थित लागतात. पेडल दाबल्यावर गाडीच्या प्लगमधल्या निळ्या तारेच्या पिनेवर व्होल्टेज येतंय. कुठे बघू?

---

तारयंत्री

व्होल्टेज प्लगपर्यंत येतंय म्हणजे गाडीकडचं काम नीट झालंय. आता ट्रेलरकडे चला. ट्रेलरचा प्लग गाडीपासून काढा आणि त्याच्या ब्रेकच्या आणि अर्थच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. १० इंची ब्रेकच्या एका मॅग्नेटचा (करंट मिळाला की ब्रेक लावणारं विद्युतचुंबक) साधारण ३.२ ओहम, दोन समांतर जोडलेले म्हणून एकूण १.६ च्या आसपास यायला हवा. ३.२ आला तर एकच चाक चालू आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर दोन्हीकडची वाट तुटली आहे. अशा वेळी ॲक्सलजवळचे जोड आधी बघा. चिखल आणि पाणी सगळं तिथेच उडतं.

---

रानवाट_०२

मीटर काहीच दाखवत नव्हता. कॅम्परखाली शिरलो तर ॲक्सलजवळ निळ्या तारेचा जोड नुसत्या पिळलेल्या टोपीत होता. टोपी काढल्यावर आतल्या तांब्याची हिरवी पूड हातात आली. दोन्ही चाकांकडचे जोड नव्याने केले, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली. आता १.६ येतोय आणि पडद्यावर "सी", म्हणजे ट्रेलर जोडलेला.

ड्रम उघडलाच होता तर बघितलं, शूज (ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या) कडेला झिजून पार पातळ झाले होते आणि मॅग्नेटवर चरे. दोन्ही बाजूंचे तयार ब्रेक संच नवीन मागवून बसवले, डावा आणि उजवा वेगळा असतो हे लक्षात ठेवून. मागच्या खाचेतून चाकी फिरवून शू हलकासा घासेल इतपत जवळ आणला.

आता शेवटचं विचारतो. कंट्रोलरचा जोर कितीवर ठेवू, आणि नवीन शूज लगेच उतारावर न्यावेत का?

---

गॅरेजातला_नाना

लगेच नको. आधी शूज बसू द्या. रिकाम्या सरळ रस्त्यावर ताशी ४० मैलांवरून २० मैलांपर्यंत वेग उतरवा, असं वीस-तीस वेळा, मधे ड्रम थंड होऊ देत. तोपर्यंत ब्रेक थोडे कमजोर वाटतील. मग जोर ठरवा. कोरड्या सपाट जागी ताशी २५ मैलांवर कंट्रोलरचा हातखटका पूर्ण दाबा. ट्रेलरची चाकं जाम होऊन घसटली तर जोर कमी करा, घसटायच्या किंचित आधीचा आकडा तुमचा. बूस्ट, म्हणजे पेडल दाबताच ट्रेलरला जास्तीचा जोर देणारी सोय, सध्या बंदच ठेवा. सामान भरलेल्या कॅम्परवर हे सगळं पुन्हा एकदा करा, रिकाम्यावरचा आकडा चालणार नाही.

आणखी एक. ट्रेलर सुटला तर ओढून ब्रेक लावणारी जी पिन असते, तिची बॅटरी जुन्या कॅम्परमध्ये बहुतेक मेलेली असते. बॅटरी तपासा, मग पिन ओढून चाकं जाम होतात का बघा. पण ही चाचणी करताना सात पिनांचा प्लग गाडीपासून काढलेला हवा, नाहीतर कंट्रोलर जळायची भीती असते.

प्रीस्ट ग्रेडला गिअर आधीच खाली घ्या, वेग ताशी ५५ मैलांच्या आत ठेवा. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना कमाल वेग तोच आहे. खाली पोचल्यावर थांबून ड्रमपाशी हात नेऊन बघा, स्पर्श न करता. दोन्हीकडे सारखीच ऊब लागली पाहिजे. एकच बाजू तापली असेल तर दुसरीकडचा ब्रेक काम करत नाहीये. मग इथे लिहा, बघू.