उपग्रह सोडा, उष्णतेवर काम करा? मला नाही पटलं

धरमपेठी_मेकॅनिकल
परवा इथे एकाने लिहिलं, "नागपूरच्या पोरांनी छोट्या उपग्रहांचा नाद सोडावा. आपल्याकडे ऊन आहे, कोराडीचं कोळशाचं वीजकेंद्र आहे, उष्णतेवर काम करा." दोन दिवस गप्प होतो, आता लिहितोच.

ही दोन कामं वेगळी मानणं हीच चूक. ५०० किलोमीटर उंचीवर उपग्रहाची फेरी साधारण ९५ मिनिटांची, त्यातली ३५ सावलीत जाऊ शकतात. तिथे हवा नाही, पंखा कामाचा नाही. उष्णता आत धातूतून सरकते आणि बाहेर फक्त प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात, जाते. कोणती बाजू सूर्याकडे राहील ते कंट्रोल, म्हणजे उपग्रहाची दिशा सांभाळणारी यंत्रणा, ठरवतो. तो बिघडला की उष्णतेचं सगळं गणित कोलमडलं.

खापरखेडा_रिटायर्ड
ते मीच लिहिलं होतं, अन् माघार घेत नाही. तीस वर्षं टर्बाइनजवळ काढली. कोळशातली जेमतेम एक-तृतीयांश ऊर्जा विजेत उतरते, बाकी कंडेन्सर अन् चिमणीतून जाते. त्यावर एक धड प्रोजेक्ट दाखवा. माझ्या पुतण्याने फायनल इयरला उपग्रह नियंत्रण घेतलं. सिम्युलेशन रेडिमेड विकत आणलं, आठ हजार मोजून. व्हायवात मॅग्नेटोर्कर (उपग्रह वळवणारी विजेची चुंबकी गुंडाळी) म्हणजे काय विचारलं तर पोरगा खाली पाहत बसला.

हिंगणा_रोड
काका, चूक पुतण्याची, विषयाची नाही. पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांचा 'स्वयम्' उपग्रह जेमतेम एक किलोचा. २२ जून २०१६ ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटवरून गेला. दिशा धरायला त्यात फिरती चाकं नव्हती. कायमचा चुंबक अन् डोलणं शमवणारे हिस्टेरिसिस रॉड, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरच भागवलं. पैसा नाही ही सबब तिथे संपते.

काटोल_संत्रा
मोठ्या गोष्टी करून राहिले सगळे. जुलै लागला की माह्या घरचा कूलर नुसती चिकचिक करते. त्यावर कोणी पीएचडी करते का?

खापरखेडा_रिटायर्ड
हेच तर म्हणतोय मी!

त्रिमूर्तीनगर_ताई
कूलरला नावं ठेवू नका, मे महिन्यात तोच तारतो. पण पाण्याचं बोला. आमच्याकडे नळ सकाळी तासभर. कूलरची टाकी दिवसातून दोनदा मी बादलीने भरते, जिना चढून.

धरमपेठी_मेकॅनिकल
ताई, एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता जाते, म्हणजे विजेच्या एका युनिटचा दोन-तृतीयांश भाग. जुलैत हवाच ओली, वाफ होणार कुठून? कितीही चांगली खस लावा, ओल्या तापमापकाच्या (ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरच्या) आकड्याखाली कूलर जात नाही.

त्रिमूर्तीनगर_ताई
युनिटचा हिशेब मला नको. बादली कोण उचलतं ते विचारा आधी. तुमच्या घरी तुम्ही उचलता का?

हिंगणा_रोड
ताई, रागावू नका, पण धागा उपग्रहाचा आहे.

त्रिमूर्तीनगर_ताई
धागा उष्णतेचा आहे. वर काकांनी काय लिहिलंय ते वाचा.

पीजी_लॅबवाली
मी लिहू का? उपग्रहाची बॅटरी सावलीत गार पडू नये म्हणून आम्ही मेणाचा डबा केला. पॅराफिन वितळताना किलोमागे सुमारे २०० किलोज्यूल पोटात घेतं, थिजताना परत देतं. पहिला डबा काठोकाठ भरला. वितळताना मेण दहा टक्क्यांच्या वर फुगतं, हे पुस्तकात वाचलेलं होतं, तरी भरला. झाकणाच्या कडेने थेंब यायला लागले, बाहेर येताच पांढरे होऊन थिजत होते. मग झाकणाखालचं गॅस्केटच (गळती अडवणारी पट्टी) सरकलं. पुढच्या वेळी जागा सोडली, तर हीटरच्या बाजूचं मेण पार पातळ अन् पलीकडचं घट्टच. मेणातून उष्णता सरकतच नाही. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या घातल्या तेव्हा कुठे सगळं एकसारखं वितळलं. १९७१ साली अपोलो १५ च्या चांद्रगाडीतही मेणाचे डबे होते. वितळबिंदू बदला, हाच डबा संत्र्याच्या गाडीत थंडावा धरेल. म्हणून म्हणते, उपग्रह सोडा म्हणू नका.

काटोल_संत्रा
संत्र्याच्या गाडीचं जरा खुलासेवार सांगा बाई.

खापरखेडा_रिटायर्ड
मेणाचं मान्य. हात भाजून केलेलं काम दिसतं. पण रेडिमेड सिम्युलेशनला मी संशोधन म्हणणार नाही, आजही नाही अन् उद्याही नाही. रविवारी डबा पाहायला येऊ का? आणि ताईंच्या बादलीचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.